तुम्ही निघून आल्यावर हापसा कोण दुरुस्त करणार?

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, तीन वर्षं नोकरी, आणि आता युगांडातल्या एका ग्रामीण पाणी प्रकल्पावर सहा महिने स्वयंसेवक म्हणून बोलावणं. तुम्ही विचारलंय की संस्था धड आहे की नाही हे इथे बसून कसं ओळखायचं, तिथे आपल्या हातून खरंच काही होईल का, आणि परतल्यावर नोकरीत पडलेल्या खंडाबद्दल काय सांगायचं. ग्रामीण पाणीपुरवठा हेच माझं काम, आणि पूर्व आफ्रिकेत स्वयंसेवकांच्या तुकड्याही मी सांभाळल्या आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

जाण्याआधी तुमच्या डोक्यात बहुधा असं चित्र असेल की गावात पाणी नाही, आपण जाऊन बोअर मारायची आणि पाणी आणायचं. प्रत्यक्षात तुम्हाला अशी गावं भेटतील जिथे कुणीतरी आधीच येऊन पाणी आणून गेलंय, आणि ते आता बंद आहे. २००९ साली रुरल वॉटर सप्लाय नेटवर्कने सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा कुठल्याही वेळी तिथले साधारण एक तृतीयांश हातपंप बंद असतात असं दिसलं. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण चारांत एक असं आलं. म्हणजे सुधारणा आहे, पण दर चार हापशांतला एक बंद, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. कारणं नाना असतात. कुठे बोअरची जागाच चुकलेली, कुठे पाइप गंजलेले, कुठे वॉशर आणायला दिवसभराचा प्रवास, कुठे पैसे जमले पण खजिनदारावरून गावात दोन तट. आणि बहुतेक ठिकाणी बांधणारे फीत कापून गेलेले असतात, त्यांचा फोन नंबरसुद्धा कुणाकडे नसतो.

त्यामुळे संस्था निवडायची असो, तिथलं रोजचं काम असो की परतीची तयारी, मी प्रत्येक वेळी एकच विचारतो: बाहेरचा माणूस निघून गेला की हे कोण चालवणार, आणि कशाच्या जोरावर?

संस्थेला तिकीट काढण्याआधीच लेखी विचारा की पाच वर्षांपूर्वी तुम्ही जे हातपंप, झरे, नळ बांधले त्यांची यादी द्या आणि त्यांतले आज किती चालू आहेत ते सांगा. चांगली संस्था बंद पडलेल्यांसकट यादी देते, वर का बंद पडले तेही सांगते. ज्यांच्याकडून फक्त ‘इतक्या हजार लोकांचं जीवन बदललं’ असं उत्तर येतं, त्यांनी मागे वळून पाहिलेलं नाही असं खुशाल समजा. दुसरं म्हणजे परवानगी. युगांडात २०१६ च्या एनजीओ कायद्यानुसार संस्थेला नोंदणी आणि परवाना तर लागतोच, शिवाय ज्या जिल्ह्यात काम करायचं तिथल्या प्रशासनाची संमती आणि त्यांच्याशी करारही लागतो. जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याला या प्रकल्पाची माहिती आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. त्याला न सांगता मारलेली बोअर सरकारी नोंदीत येत नाही, आणि नोंदीत नसलेल्या बोअरच्या देखभालीकडे पुढे कुणी फिरकत नाही.

मग विचारा की मी तिथे असं काय करणार आहे, जे तिथला गवंडी किंवा तिथला अभियंता करू शकत नाही. उत्तर ‘चर खणणे, विटा लावणे’ असं आलं तर विचार करा. तिथला गवंडी विटा तुमच्यापेक्षा सरळ लावतो आणि त्याला त्या कामाची गरज आहे. संस्था तुमच्याकडून फी घेते म्हणून ती लगेच लबाड ठरत नाही. राहणं, विमा, देखरेख यांना खर्च येतोच. पण त्या फीमधून तिथल्या किती लोकांना पगार मिळतो हे विचारायला लाजू नका. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर स्वयंसेवकाच्या गळ्यात पडलेली मुलं आणि आत पंपाचा एकही फोटो नाही, असं दिसलं की माझा तरी उत्साह मावळतो.

बाहेरच्यांचा उत्साह किती महाग पडू शकतो याचं उदाहरण म्हणजे प्लेपंप. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं, त्यावर पंप चालायचा, पाणी टाकीत चढायचं. कल्पना इतकी गोंडस की २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल इतकं पाणी उपसायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब पुढे एका ब्रिटिश वृत्तपत्रात आला. मोझांबिकसारख्या ठिकाणी शेवटी बायकाच ते चाक हाताने ढकलत होत्या, आणि काही ठिकाणी तर त्यासाठी आधीचा चालू हातपंप काढून टाकलेला होता. बिघडलं तर गावातल्या कुणाला ते उघडता येत नव्हतं. काही वर्षांतच तो कार्यक्रम गुंडाळला गेला.

कागदपत्रं आणि तब्येत यांबद्दल थोडक्यात, कारण ही माहिती सहज मिळते. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करू नका. बिनपगारी कामही पुष्कळ देशांत कामच धरतात, तेव्हा परवाना संस्थेनेच काढून द्यायला हवा. युगांडात शिरायला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी तो लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा, खेड्यात कुत्रं चावल्यावर धावपळ करणं कठीण. विम्यात तातडीने विमानाने हलवण्याची सोय आहे का ते बघा. मलेरियाच्या गोळ्यांचं खाली परतीच्या भागात सांगतो, कारण लोक चुकतात ते तिथेच.

आता खरं काम.

पहिले तीन-चार आठवडे काहीही ‘सुधारू’ नका. पहाटे उठा आणि पंपाजवळ जाऊन बसा. वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन रांगेत मांडलेले दिसतील, मालक घरी आणि कॅन रांगेत. कोण येतं, किती वेळ थांबतं, भांडण कशावरून होतं, दुपारी पंपाला कुलूप कोण लावतं, सगळं टिपून ठेवा. जगभर पाण्याच्या सोयीची मोजणी करताना एक साधी अट वापरतात: जाऊन, रांगेत उभं राहून, पाणी घेऊन घरी परत यायला तीस मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. नकाशावर अंतर मोजू नका. एकदा स्वतः वीस लिटरचा कॅन भरून सगळ्यात लांबच्या घरापर्यंत न्या आणि घड्याळ लावा. तो कॅन तुम्ही पोचेपर्यंत दोनदा खाली ठेवाल, आणि मागून दहा वर्षांची पोरगी तसाच कॅन डोक्यावर घेऊन तुम्हाला ओलांडून जाईल.

मग पंप. युगांडात ज्याला यू-टू म्हणतात तो म्हणजे इंडिया मार्क टू या हातपंपाचीच आवृत्ती. तो १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झाला, पण त्याची मुळं जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहेत. तिथल्या मिशनच्या विहिरींवर काम करणाऱ्या मेकॅनिकांनी मजबूत पोलादी पंप बनवले होते. तेव्हा मराठी माणसाने त्या पंपाकडे जरा हक्काने बघायला हरकत नाही.

त्याच्या दोन चाचण्या शिकून घ्या, त्यांना घड्याळ आणि बादली एवढंच लागतं. पंप मारून पाणी आलं की अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नका. हे सगळ्यात अवघड, कारण रांग कुरकुरते. अर्ध्या तासाने पुन्हा मारा आणि पाणी यायला किती झटके लागले ते मोजा. पाचापेक्षा जास्त लागले तर पाइपातलं पाणी खाली निसटतंय, म्हणजे तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा एखादा जोड गळतोय. त्यानंतर एका मिनिटात एका लयीत चाळीस झटके मारा आणि पाणी बादलीत धरा. दहा लिटरपेक्षा कमी आलं तर काहीतरी बिनसलंय. गळती नाही आणि तरीही पाणी कमी, तर बहुधा पिस्टनचे वॉशर झिजलेत किंवा बोअरचं पाणीच उतरलंय. पंप न उघडता, अर्ध्यापाऊण तासात, तुमच्याजवळ निदान तयार. दर महिन्याला हे आकडे एका वहीत लिहिले तर पंप बंद पडायच्या आधीच त्याची तब्येत कळते. गावातली शाळा शिकलेली कुणीही मुलगी हे करू शकते, आणि तुम्ही गेल्यावर तिनेच करायचं आहे.

पंप उघडायची वेळ आली तर मात्र स्वतः पुढे होऊ नका, मेकॅनिकला बोलवा. मार्क टू मध्ये सिलिंडरपर्यंत, म्हणजे खाली पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्यापर्यंत, पोचायला सगळे पाइप वर काढावे लागतात. तीस मीटर खोलीवर तीन-तीन मीटरचे दहा लोखंडी पाइप, आत दांडे, वर पाण्याचं वजन. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प नीट बसला नाही तर अख्खी माळ बोअरमध्ये जाते, आणि मग तो हापसा विसरा. तिथल्या जिल्ह्यांत हातपंप मेकॅनिकांच्या संघटना आहेत. त्यांतला जाणता माणूस हाताने पाइप धरून नुसत्या थरथरीवरून सांगतो की दांडा कुठे घासतोय. त्याच्यासोबत उभे राहा, तो सांगेल ते पाने द्या आणि तो काय करतो ते लिहून काढा. सुटे भाग कुठल्या गावात कुणाकडे मिळतात, कुठला वॉशर महिन्यात झिजतो आणि कुठला वर्षभर टिकतो, हे त्याला तोंडपाठ असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. सहा महिन्यांत तेवढं जरी कागदावर आणलंत तरी ते एखाद्या नव्या बोअरपेक्षा जास्त दिवस कामी येईल.

लालसर पाण्याचं एक सांगायला हवं, कारण ते फार ठिकाणी दिसतं. पंप चालू आहे, तरी बायका लांबच्या डबक्यावर जातात. विचारलं तर म्हणतात, याचं पाणी लाल येतं, कपड्यांना डाग पडतात, चवही लागते. बाहेरचा माणूस लगेच ‘प्रबोधन’ करायला निघतो की हेच पाणी सुरक्षित आहे. त्याऐवजी पहाटे पहिला कॅन भरताना तिथे हजर राहा आणि पुढचे दहा-पंधरा कॅन भरेपर्यंत बाटल्यांत थोडं थोडं पाणी घेत जा. पहिलं पाणी लालभडक आणि पुढचं हळूहळू निवळत गेलं, तर दोष जमिनीतल्या पाण्याचा नाही. रात्रभर पाणी पाइपात उभं राहिलं आणि जस्ताचा मुलामा गेलेलं लोखंड गंजलं. पाणी आम्लधर्मी असलं की हे हमखास होतं, तेव्हा लोखंडी पाइपांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकचे पाइप घालणं हा इलाज. पाणी शेवटपर्यंत लालच राहिलं तर मात्र लोह भूजलातच आहे आणि विचार वेगळा करावा लागेल. बायकांची तक्रार खरी होती, एवढं दोन्ही बाबतीत सिद्ध होतं.

आता पाणी समिती. कागदावर ती प्रत्येक पंपाला असते आणि तिच्यात निम्म्या बायका असतात. बैठकीला जाल तेव्हा बघा की बोलतं कोण. बैठक कुठल्या वेळेला ठेवली आहे तेही बघा. पाणी भरायच्या वेळी ठेवली तर पाणी भरणाऱ्या येणार कशा? एलसी-वनचा अध्यक्ष, म्हणजे तिथल्या गावपंचायतीचा प्रमुख, समोर बसला की बऱ्याच बायका गप्प होतात. त्याच बायका पंपावर तुम्हाला समितीचा सगळा इतिहास सांगतील.

पैशांचा विषय टाळू नका आणि त्यात पडूही नका. दरमहा घरटी वर्गणी घ्यायची, की कॅनमागे थोडे पैसे घ्यायचे, की बिघाड झाल्यावरच गोळा करायचे, हे गावाने ठरवायचं. माझं मत विचाराल तर बिघाडानंतर गोळा करण्याची पद्धत सगळ्यात वाईट, कारण पैसे जमेपर्यंत लोकांना डबक्याची सवय परत लागलेली असते. पण तुम्ही करायचं एवढंच की समितीसमोर साधा हिशेब मांडायचा: वॉशर इतक्या दिवसांनी, दांडे इतक्या वर्षांनी, पाइप इतक्या वर्षांनी, म्हणजे वर्षाला सरासरी इतके शिलिंग. आकडे तिथल्या मेकॅनिककडून घ्या. स्वतःच्या खिशातून दुरुस्तीला पैसे कधीच देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. एकदा दिले की पुढच्या बिघाडाला गाव तुमची वाट बघतं.

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून चांगलं असं समजणं किती महागात पडतं ते बांगलादेशात दिसलं. अतिसाराने मुलं मरत होती म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू उत्तम आणि पाणी नितळ. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून तोंडांना रंग दिला, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशने ५० ठेवलेली. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत (रिफ्ट व्हॅलीत) फ्लोराइडचं दुखणं आहे, त्याची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. नवी बोअर झाली की जंतूंबरोबर रसायनांचीही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून झाली पाहिजे, आणि तिचा कागद समितीकडे राहिला पाहिजे. संस्था ‘पुढच्या टप्प्यात करू’ म्हणाली तर हट्ट धरा. आणखी एक: पंपाच्या तोंडाशी शुद्ध असलेलं पाणी घरच्या कॅनमध्ये पुष्कळदा दूषित निघतं. नमुना दोन्हीकडचा घ्या.

तुम्ही स्वतः कुठे शौचाला जाता हाही तुमच्या कामाचाच भाग. हैतीमध्ये २०१० च्या ऑक्टोबरात पटकी पसरली. तिचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचं मैलापाणी नदीच्या उपनदीत गेल्यात होता. सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि सरचिटणीस बान की मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात. मदतीला आलेले लोकच रोग घेऊन आले होते. स्वयंसेवकांच्या मुक्कामाचा संडास झऱ्यापासून किती लांब आहे, उताराच्या वर आहे की खाली, हे पहिल्याच दिवशी बघा. निदान तीस मीटर अंतर ही सर्वसाधारण अट, आणि जमीन भेगाळ असली तर तेही कमी पडतं.

अभियंता म्हणून तुमच्या हातची कामं म्हणजे मोजणी, नकाशे, नोंदी. झऱ्याचा प्रवाह बादली आणि घड्याळाने मोजा, पण पावसाळ्यानंतर मोजून खूश होऊ नका. युगांडाच्या बऱ्याच भागांत मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे असतात, तेव्हा खरा आकडा फेब्रुवारीच्या अखेरीस मिळतो. तुमचे सहा महिने कोरड्या ऋतूला धरून बसवता आले तर बघा. गुरुत्वाने चालणारी नळयोजना असेल तर प्रत्यक्षात जमिनीत काय गाडलंय त्याचा नकाशा काढा: पाइप कुठून गेलाय, कुठे कुठल्या व्यासाचा आहे, व्हॉल्व्ह कुठे पुरलाय. आफ्रिकेतल्याच मलावीत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांनी स्वतः मैलोन्‌मैल चर खणून डोंगरावरचं पाणी गावांत नेलं. सामुदायिक पाणीपुरवठ्याचं नमुनेदार उदाहरण म्हणून त्या योजना जगभर नावाजल्या गेल्या. पुढे लोकसंख्या वाढली, वरचं जंगल तुटलं, देखरेख करणारी माणसं कमी झाली आणि कितीतरी नळ कोरडे पडले. बांधताना लोकसहभाग होता म्हणून तीस वर्षांनंतरही तो असेलच, असं कुणी गृहीत धरू नये.

निघायची तयारी चौथ्या महिन्यात सुरू करा. प्रत्येक काम करणारी दुसरी व्यक्ती ठरलेली असावी, आणि शेवटचे सहा आठवडे ते काम तिने करावं, तुम्ही फक्त बघावं. तुमच्या लॅपटॉपवर असलेली आणि तिथल्या कुणाच्या हातात नसलेली फाइल म्हणजे नसलेली फाइल. नोंदवही कागदाची ठेवा, एक प्रत समितीकडे आणि एक जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात. मेकॅनिकचा फोन नंबर पंपाच्या चबुतऱ्यावर रंगाने मोठा लिहून घ्या. निरोपाच्या कार्यक्रमात भारावून जाऊन ‘मी परत येईन, दुसरी बोअर करू’ असं काही बोलू नका. तुमच्यासाठी ती भावना असते, गाव ते वचन म्हणून लक्षात ठेवतं.

आता परतल्यानंतरचं. मलेरियाच्या गोळ्या विमानात बसल्यावर थांबत नाहीत. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्या भागातून निघाल्यावरही चार आठवडे घ्यावं लागतं, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. घरी आलो, बरं वाटतंय म्हणून सोडून दिलं, असं फार जण करतात. पुढचे कितीतरी महिने ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा की मी युगांडातून आलोय. व्हायरल असेल म्हणून दोन दिवस वाट बघायची नाही, तिथला फॅल्सिपॅरम मलेरिया तेवढा वेळ देत नाही. तळ्याच्या किंवा दलदलीच्या पाण्यात उतरला असाल, आणि या कामात उतरावंच लागतं, तर शिस्टोसोमियासिसची, म्हणजे अशा पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमींच्या रोगाची, तपासणी शेवटच्या संपर्कानंतर साधारण तीन महिन्यांनी करा. आधी केली तर खोटी निश्चिंती मिळू शकते. लक्षणं नसली तरी करा, औषध सोपं आहे.

मनाचंही सांगतो. जाताना सगळे बजावतात की तिथे जुळवून घ्यायला त्रास होईल, परतल्यावर होईल असं कुणी सांगत नाही. संशोधक जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की परदेशातून परतणाऱ्याचा मूड घरी आल्यावर पुन्हा एकदा खाली जातो आणि मग सावकाश वर येतो. नळ उघडा टाकून दात घासणाऱ्यावर तुम्ही खेकसाल. लोक ‘कसं होतं?’ विचारतील आणि तुम्ही दुसऱ्या वाक्यावर असताना विषय बदलतील. त्यांना दोष देऊ नका, आणि प्रत्येक जेवणाच्या पंगतीत जेरीकॅन काढू नका. ज्यांनी असं काम केलंय अशा एकदोघांशी मात्र मनसोक्त बोला. जमल्यास परतल्यावर लगेच नोकरीवर रुजू होऊ नका, दोन आठवडे मोकळे ठेवा.

फोन येतील. मुलाची फी, आजारी आई, पंपाचा पाइप. यातल्या बहुतेक अडचणी खऱ्या असतात, म्हणूनच उत्तर आधी ठरवून ठेवावं. पंपाबद्दलचा प्रश्न असेल तर समिती आणि मेकॅनिककडे पाठवा, मधे पडू नका. व्यक्तिगत मदत करायची इच्छा असेल तर ती मित्र म्हणून करा, प्रकल्पाशी तिची सरमिसळ नको आणि समितीतल्या माणसाला तर नकोच. गावात ती बातमी लपत नाही.

आणि नोकरीतला खंड. मुलाखतीत ‘समाजसेवा केली’ म्हणालात तर समोरचा आदराने मान डोलावतो आणि पुढच्या उमेदवाराकडे वळतो. त्याला कामाच्या भाषेत सांगा, आणि आकडे तुमच्या नोंदवहीतलेच असू द्या: किती हातपंपांची गळती आणि विसर्ग दरमहा मोजला, किती लांबीच्या गाडलेल्या नळाचा नकाशा काढला, सुट्या भागांची यादी आणि देखभालीचा वार्षिक खर्च कसा बसवला, नोंदी ठेवायला कुणाला शिकवलं आणि ती माणसं आता ते करतात का. जे समितीने केलं ते समितीने केलं असंच सांगा. ‘मी पाच गावांना पाणी दिलं’ हे वाक्य अर्जात दिसलं की निदान माझ्यासारखा मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न विचारतो, त्या पाच गावांतले पंप आज चालू आहेत का. त्याचं उत्तर तुमच्याजवळ असावं. ते मिळवायला महिन्यातून एकदा मेकॅनिकला केलेला एक फोन पुरतो, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यायला विसरू नका.